ओठ जुळायचा महिना

किन्हीराजा, ९ ऑक्टोबर १९५५

विजयमालाबाईंना मनकर्णेचा नमस्कार.

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. तुमचा धाकटा भाऊ जगदेव, त्यांची मी बायको. नवऱ्याचं नाव लिहिते म्हणून हसू नका, नाहीतर तुम्हाला कळणार कसं? मी आसेगावची. चौथीपर्यंत शिकले, म्हणून हे लिहिता येतं.

मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधी तुम्ही ठरलेलं लग्न मोडून नागपूरला डॉक्टरी शिकायला गेलात. या घरात तुमचं नाव कोणी काढत नाही. तुम्ही आता कॉलेजात मुलांना शरीराची रचना शिकवता, हे मला यांनी सांगितलं. पत्ताही यांनीच सांगितला, शेतात, आजूबाजूला कोणी नाही असं बघून.

आम्हाला मुलगी झाली. महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. हातपाय, डोळे, जावळ सगळं भरलेलं आहे. पण वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत उघडा आहे. आत हिरडीला आणि टाळूच्या पुढच्या भागालाही चीर आहे. छातीशी घेतली की धडपडते, पण तिला ओढता येत नाही. थोडं दूध गेलंच तर नाकातून परत येतं. पहिल्या दिवशी तिचं रडणं शेजारच्या आळीत ऐकू गेलं होतं. आता ते बारीक झालं आहे.

धुरपताबाई सुईण रोज येऊन तिला न्हाऊ घालते. ती म्हणते, "पोर जगनारी हाये बाई. फकत पोटात दूध जाऊ दे." पण ते कसं जाऊ द्यायचं, हे तिलाही माहीत नाही. असं मूल तिने याआधी एकदाच पाहिलं होतं म्हणते. कुठे ते सांगत नाही.

ताई, तुम्ही या घरावर रागावला असाल तर तो राग माझ्यावर काढा, पण उत्तर द्या. ओठ शिवता येतो का? आणि तोपर्यंत तिला जगवायची कशी?

बाकी घरी सगळे बरे आहेत. मला काही त्रास नाही. फक्त उत्तर आमच्या घरी पाठवू नका. पाकिटावर धुरपताबाईचं नाव घाला.

तुमची,
मनकर्णा


किन्हीराजा, २७ ऑक्टोबर १९५५

ताईंना मनकर्णेचा दंडवत.

नमस्कार पुरेसा नव्हता म्हणून दंडवत लिहिला. पोरगी जगली, ताई.

तुमचं पाकीट आलं त्या दिवसापासून तुम्ही लिहिलं तसंच करते. तिला आडवी घेत नाही, बसती धरते. दूध आधी वाटीत काढून घेते आणि बोंडल्याने गालाच्या बाजूने थेंबथेंब सोडते, चांगल्या बाजूने. दोन घोट झाले की थांबते. पहिल्या दिवशी निम्मं सांडलं. दुसऱ्या दिवशी कमी सांडलं. तिसऱ्या दिवशी ती पोटभर प्यायली आणि इतकी गाढ झोपली की मी घाबरून तिच्या नाकाशी कापसाचा तंतू धरला. तंतू हलला. मग मी बसून पुष्कळ रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

आता चित्रांबद्दल. तुम्ही मला चौथी पास म्हणून सोडून दिलं नाहीत, चित्रं काढून सगळं समजावलंत, याचे आभार कसे मानू? ओठ शिवता येतो एवढं लिहून भागलं असतं. पण तुम्ही लिहिलंत की आईला कळलं पाहिजे, मुलाचं तोंड कसं घडतं ते.

मी ती चित्रं यांना दाखवली. आम्ही दोघं शेतातल्या खोपीत बसून बघत होतो. पहिल्या चित्रात गर्भ ज्वारीच्या दाण्याएवढा, म्हणजे महिनाभराचा. त्यातही निम्मं अंग नुसतं डोकंच, छातीवर वाकलेलं. मग मेंदूतूनच दोन फुगे बाजूंना निघतात आणि त्यांचे डोळे होतात. म्हणजे डोळा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग, हे मी यांना दोनदा वाचून दाखवलं. डोळे आधी गायीसारखे दोन बाजूंना असतात, मग हळूहळू समोर येतात. कान मानेजवळ सुरू होतात आणि वर चढतात. नाकाच्या जागी दोन खळगे. आणि कपाळाकडून एक भाग खाली येतो, दोन्ही गालांकडून एकेक भाग पुढे येतो, आणि ते एकमेकांना भेटले की वरचा ओठ होतो. आमच्या मुलीचा डावा भाग पोचता पोचता राहिला. एवढंच झालं.

हे कितीतरी वेळ चित्राकडे बघत होते. मग म्हणाले, "एवढूशा दान्यात एवढं काम चालू राह्यते?"

मी म्हटलं, "अन् मी तवा कापूस येचून राह्यली होती. मले पत्ताच नाई."

"मले तं त्याहून नाई," असं म्हणून ते हसले. पोरगी झाल्यापासून हे हसलेले मी पाहिले नव्हते.

तुम्ही विचारलंत की दोन्ही घरांत आधी कोणाला असं होतं का. माझ्या माहेरी नाही. यांना माहीत नाही. तुमच्या आईंना सध्या विचारता येत नाही.

आता मला एक विचारायचं आहे. ओठ नेमका कोणत्या महिन्यात जुळतो? ज्येष्ठातल्या अमावस्येला सूर्यग्रहण होतं. मला सहावा लागला होता. सगळे आत बसले होते आणि मला भूक सहन झाली नाही, म्हणून मी एक कैरी कापून मीठ लावून खाल्ली. तुमच्या आईंनी पाहिलं. आता त्या म्हणतात की सुरी कैरीवर चालली नाही, पोरीच्या ओठावर चालली.

मी त्यांना उलट बोलले नाही. मलाही तसंच वाटतं. तुम्ही खरं असेल ते लिहा. माझं मन राखायला लिहू नका.

मी आणि पोरगी मागच्या कोठीत झोपतो. तिथे शांत असतं.

तुमची,
मनकर्णा


किन्हीराजा, २२ नोव्हेंबर १९५५

ताईंना मनकर्णेचा नमस्कार.

आज पत्र मोठं होणार. मागच्या दोन पत्रांत मी जे लिहिलं नाही तेही आज लिहिते.

मला त्रास नाही असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. पोरगी झाल्यापासून तुमच्या आई तिच्याकडे बघत नव्हत्या. आम्हाला मागच्या कोठीत ठेवलं ते शांततेसाठी नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला पोरीचं तोंड दिसू नये म्हणून. बारसंही केलं नाही. आणि दिवाळी झाली की अनसिंगचे लोक येणार होते, यांच्यासाठी दुसरी मुलगी घेऊन. हे नाही म्हणत होते, पण खाली मान घालून. मला आसेगावला पोचवायचं आणि कोणी विचारलं तर विश्रांतीला माहेरी गेली म्हणायचं, असं ठरत होतं.

तेवढ्यात तुमचं उत्तर आलं. "दुसरा महिना संपत येतो तेव्हा ओठ जुळून होतो. सहाव्या महिन्यात जगातलं कुठलंच ग्रहण तो उघडू शकत नाही. तू काहीही कापलं नाहीस." ही ओळ मी इतकी वाचली की डोळे मिटले तरी तुमचं अक्षर दिसतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, आपलं नाक आणि ओठ यांच्यामध्ये जी पन्हळ असते तिच्या दोन्ही काठांवर हे भाग जुळलेले असतात. मी आरशात पाहिलं. मग झोपलेल्या यांच्या ओठावर बोट ठेवून पाहिलं. सगळ्यांचंच तोंड असं जोडलेलं आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या आई अंगणात कापूस निवडत बसल्या होत्या. मी पोरीला घेऊन समोर जाऊन बसले. त्यांनी तोंड फिरवलं. मी विचारलं, "आत्याबाई, मले दिवस कवा गेले, ध्यानात हाये तुमाले?"

"संक्रातीच्या मांगंपुढं. कायले?"

"लेकराचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुडते. म्हंजे शिवरात्रीच्या सुमाराले. होळीच्या आंधी ते काम उरकते. गिरान लागलं जेठात. तवा हे पोटात लाथा मारून राह्यली होती. जे होळीच्या आंधीच उघडं राह्यलं, ते जेठातल्या सुरीनं कसं कापलं?"

त्यांचा हात कापसात तसाच राहिला.

"कोनं सांगतलं तुले हे?"

मी ठरवलं होतं की तुमचं नाव घ्यायचं नाही. पण तोंडातून गेलंच. "तुमच्या लेकीनं."

मला वाटलं आता मार बसतो. त्या म्हणाल्या, "तिनं लियलं? तिच्या हातानं?"

"हो."

"दाखव."

त्यांना वाचता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी चित्रं त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोट ठेवून एकेक विचारलं. हे काय? डोळा. हे? कान. इतक्या खाली? मग तो वर चढतो, मी म्हटलं. त्या ओठाच्या चित्राशी थांबल्या.

"म्हंजे गिरान नसलं, काई कापलं नसलं, तरी होते असं?"

"होते. कोनाच्याच हातानं होत नाई. घरात आंधी कोनाले झालं असन तं मांगून कोनाले होऊ शकते, असं ताईनं लियलं हाये."

ताई, मग तुमच्या आई जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहिते. ते तुमच्यासाठीच आहे.

"विजीच्या आंधी मले एक पोरगा झाल्ता. त्याचा ओठ असाच. याच बाजूनं. माह्या सासूनं म्हटलं, तू गिरनात इळ्यानं भाजी चिरली. मी चिरली होती का नाई तेही मले आता याद नाई. पन ते म्हने अन् मी मानलं. त्याच्या नाकातून दूध ये. सासू म्हने, नको पाजू, कायले जीवाले तरास देतं. मी लहान होती व माय. मी पाजलं नाई. सटीच्या पुजेआंधीच गेला. ना सटी झाली, ना नाव. समद्यायनं म्हटलं का मीच मारला, अन् मीबी तेच धरून बसली. तुह्या पोरीकडं पाह्यलं का तोच दिसे मले. म्हनून पाहवे नाई."

धुरपताबाईने याआधी एकदाच पाहिलेलं मूल ते हेच. तिची आई तेव्हा सुईण होती आणि ती आईबरोबर आली होती. इतकी वर्षं ती बोलली नाही.

तुम्ही विचारलं होतं ना, घरात आधी कोणी होतं का? होता. तुमचा थोरला भाऊ.

मग त्यांनी हात पुढे केले आणि पोरीला घेतलं. पहिल्यांदा. तिने त्यांच्या कुंकवाकडे टक लावून पाहिलं. त्या म्हणाल्या, "डोये तं अजी जगदेवचेच हायेत."

मी खरं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते. मला त्यांची दया आली, पण राग सगळा गेला नाही. त्या कोठीत मी जे दिवस काढले ते काढलेच. पण अनसिंगचे लोक आले तेव्हा त्या स्वतः दारात गेल्या आणि म्हणाल्या, "माह्या पोराची बायको घरात हाये. नात हाये. चहा घ्या अन् सुखानं जा." तुमचे वडील ओसरीवर होते. ते उठून गोठ्याकडे गेले. त्या दिवशी माझा पुष्कळसा राग उतरला.

आम्ही आता पुढच्या खोलीत झोपतो.

तुमची,
मनकर्णा


किन्हीराजा, १८ जानेवारी १९५६

ताईंना नमस्कार.

पोरीला किराणा दुकानाच्या तराजूत तोललं. तुम्ही सांगितलं होतं तेवढं वजन भरलं, वर थोडं जास्तच. दुकानदार म्हणाला, "गूळ समजून कोनाले देऊन टाकन मी." मी पोरीला घट्ट धरून घरी आले.

तुम्ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंत, आम्हाला तुमच्याच खोलीवर उतरायला सांगितलंत. या घराने तुमच्याशी कसं केलं ते मी ऐकलंय. तरी तुम्ही दार उघडलंत. यावर मला काही लिहिता येत नाही.

पण तुमचे वडील आडवे आले. परवा जेवताना म्हणाले, "माह्या घरचं मानूस तिच्या दारात जाईन नाई."

तुमच्या आई भाकरी वाढत होत्या. त्यांनी ताटात भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "मंग मले तुमच्या घरचं मानूस समजू नका. मी चालली पोरीसंगं."

"रंगू, तोंड सांभाळ."

"तेच तं सांभाळून राह्यली. एका पोराचं तोंड तुमच्या मायनं सांभाळू देल्लं नाई. हे मी सोडत नाई."

तुमच्या वडिलांच्या समोर असं बोललेलं माणूस मी या घरात पाहिलं नव्हतं. ते जेवणावरून उठले नाहीत. जेवले आणि झोपायला गेले. सकाळी बघते तर दमणीला बैल जुंपलेले होते, फक्त चाक बसतंय का ते बघायला, असं ते म्हणाले.

सोमवारी निघतो. दमणीने मालेगाव, तिथून मोटारीने अकोला, पुढे रेल्वे. आम्ही तिघं आणि पोरगी. तुमच्या आई तीन दिवसांपासून तीळगूळ बांधतात आणि सोडतात. तुम्हाला आवडतो की नाही, हे आता त्यांना आठवत नाही, आणि विचारायला लाज वाटते.

तुमची,
मनकर्णा


किन्हीराजा, २४ एप्रिल १९५६

ताईंना मनकर्णेचा आणि सगळ्यांचा नमस्कार.

घरी येऊन महिन्याच्या वर झालं. जखम भरून आली आहे. ओठावर एक बारीक रेघ आहे, तीही रोज तेल लावून मऊ पडते आहे. टाळूचं काम ती बोलायला लागायच्या आधी करायचं, हे यांनी पक्कं लक्षात ठेवलं आहे. ओठ मिटून पहिल्यांदा दूध ओढलं तेव्हा तिने चपचप आवाज केला. तो तुम्हीही ऐकलात. आता सगळी आळी ऐकते.

मला तुमचे आभार मानायचे आहेत, पण ओठाचे नाही. ते तर जन्मभर राहतील. तुम्ही तुमच्या आईंना कॉलेजात नेलंत आणि काचेच्या बरणीतला तो एवढासा गर्भ दाखवलात. त्यांनी पदर डोक्यावर घेऊन बरणीला हात जोडले. शेजारी तुमचे विद्यार्थी उभे होते. तुम्ही हसला नाहीत. त्यांचा हात धरून उभ्या राहिलात, त्यांचं होईपर्यंत. त्याचे आभार.

आणि निघताना तुम्ही पोरीच्या कानात "वच्छला" म्हणालात, त्याचे. आत्याचा मान होता, तो तुम्हीच घेतलात. मी मनातून तेच मागत होते.

आम्ही परत आलो तेव्हा तुमचे वडील इथे दारातच उभे होते. पोरगी झाल्यापासून त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. त्यांनी दुपटं बाजूला केलं, बराच वेळ पाहिलं, आणि यांना विचारलं, "टाके काढताना लडली काय, मोठ्यानं?"

"लडली."

"बरं झालं. ताकद हाये म्हंजे."

तुमच्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मी खोटं लिहिणार नाही. पण तुमच्या आई रोज जेवताना नागपूरचं काही ना काही सांगतात, आणि ते ताटावरून उठत नाहीत.

गेल्या गुरुवारी घरी बारसं केलं. गावातल्या बाया आल्या, पाळणा म्हटला. कोणीतरी विचारलं, आत्या कुठे आहे, नाव कोण सांगणार? तुमच्या आई म्हणाल्या, "तिच्या आत्यानं नागपूरलेच ठेवलं नाव. वच्छला." मग त्या उठल्या. रिकाम्या पाळण्यावर वाकल्या, पोरगी तर माझ्या मांडीवर होती, आणि हळूच काहीतरी बोलल्या. बायांना वाटलं, म्हातारी गोंधळली. धुरपताबाई तेवढी पदराने डोळे पुसत होती.

बाया गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "लिय तिले," म्हणाल्या. मी कागद घेतला. पुढचं त्यांचं आहे.

"विजे, तुह्या मोठ्या भावाचं नाव आज ठेवलं. गुनवंता. तुले आवडन का नाई, मालूम नाई. आजवर कोनी इचारे का रंगूबाई, लेकरं किती, तं मी एक सांगे. आता मी तीन सांगतो."